भरतीच्या रनिंगची तयारी करताय? या चुका टाळा

बेळगावात लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळे खानापूर, येळ्ळूर, निपाणी भागात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं ठिकठिकाणी दिसतात. मेहनतीत कुणी मागे नाही. तरी महिनोन्‌महिने पळून टायमिंग जागचं हलत नाही, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज घड्याळ लावून भरतीचं १६०० मीटर अंतर जीव तोडून पळणं. जोरात पळताना स्नायूतलं एटीपी (पेशीला लगेच ऊर्जा पुरवणारा रेणू) झपाट्यानं खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं आणि साखर फोडायला लागणारं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं प्रथिन) क्षणात वेग घेतं. ग्लुकोज भराभर फुटतं, आम्लता वाढते, पाय जड होतात. हा वेग तेवढ्यापुरताच. १६०० मीटरला लागणारी बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवर चालणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतून येते, आणि तिथली एन्झाइम्स मुळात जास्त प्रमाणात तयार व्हावी लागतात. त्याला आठवडे जातात. अमेरिकन संशोधक जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की नेमानं पळवलेल्या उंदरांच्या स्नायूत ही एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली होती. म्हणून आठवड्यात दोनच दिवस वेगाचे ठेवा. एक दिवस पूर्ण आराम. बाकीचे दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश, पण लांब पळा.

डिसेंबरच्या थंडीत गार अंगानं सुटू नका. स्नायू स्वस्थ असताना साखरेतून आलेलं इंधन ऑक्सिजनच्या वाटेला लावणारं पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम बरंचसं बंद असतं. हालचाल सुरू झाल्यावर कॅल्शियम त्याला जागं करतं. दहा-पंधरा मिनिटं हळू पळून घेतलं की सुरुवातीलाच धाप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या की दोष लॅक्टिक अ‍ॅसिडला दिला जातो. लॅक्टेट (शरीरात ते याच रूपात असतं) तर तासाभरात बरंचसं उतरतं. दुखतं ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, तेव्हा त्या दिवशी जोर लावू नका. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

पळून आल्यावर स्नायूतला साखरेचा साठा पुन्हा भरणारं ग्लायकोजन सिंथेज हे एन्झाइम जोमात असतं, त्यामुळे तासाभरात भाकरी-उसळ किंवा केळी-दूध पोटात जाऊ द्या.

आणि भातकापणीच्या दिवसांत सराव पूर्ण सोडू नका. कमावलेली एन्झाइम्स काही आठवड्यांतच घटायला लागतात. वेळ नसेल तर अंतर कमी करा, पण आठवड्यातून दोन-तीनदा पळा आणि त्यातला एक दिवस वेगाचा ठेवा.