वामेने तंगूस कापू नये म्हणून

वाम (सापासारखा लांब मासा) गळाला लागते, पण वर येईपर्यंत तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापलेला असतो. दोन कारणं: सुरीसारखे दात आणि स्वतःभोवती गिरक्या घ्यायची सवय. जाड तंगूस लावून फारसा फरक पडत नाही, तारच लागते.

१. सात पदरी मऊ स्टीलची तार, साधारण ३०-४० सेंमी. एकेरी कडक तार नको, गिरकीत तिला पीळ पडतो आणि तिथेच ती तुटते.
२. एका टोकाला ६/० मापाचा गळ, दुसऱ्याला बॉल-बेअरिंगची फिरकी (तार आणि तंगूस जोडणारी, फिरती कडी). स्वस्त फिरकी वजन आलं की फिरतच नाही, इथे काटकसर करू नका.
३. शिशाचं वजन फिरकीच्या वर, तंगुसावर सरकतं राहील असं ठेवा.
४. बांगड्याचा लांबट तुकडा लावा, गळाचं टोक उघडं राहू द्या. वेळ रात्रीची, तळ चिखलाचा.
५. ओढ लागली की पहिले दोन-तीन मीटर न थांबता वर घ्या. ढील दिली की गिरक्या सुरू.

होडीत आलेली वाम बराच वेळ जिवंत राहते आणि चावते. गळ लांब पकडीनेच काढा. खोल गिळला असेल तर सरळ तार कापा.