‘के-पॉप’ हा शब्द कसा समजून घ्यावा आणि कसा वापरावा

‘के-पॉप’ या शब्दाची फोड करणे सोपे आहे: ‘के’ म्हणजे कोरियन आणि ‘पॉप’ म्हणजे पॉप्युलर. परंतु एवढ्यावर थांबल्यास कोरियातल्या प्रत्येक लोकप्रिय गाण्यावर हा शिक्का मारला जातो. म्हणून हे नाव बाहेरून पाहणाऱ्यांच्या सोयीचे आहे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. खुद्द दक्षिण कोरियात अशा गाण्यांना ‘गायो’ किंवा ‘देजुंग गायो’ म्हणत. त्यातील ‘देजुंग’ म्हणजे जनसामान्य. ‘गायो’ ऐकताच मराठी माणसाला ‘गाणे’ आठवेल, पण तो निव्वळ योगायोग आहे, कारण त्या शब्दाचे मूळ चिनी आहे.

नावाचा साचा जपानी आहे. टोकियोत १९८८ साली सुरू झालेल्या जे-वेव्ह या रेडिओ केंद्राच्या संदर्भात ‘जे-पॉप’ हा शब्द रुळला आणि त्याच धर्तीवर पुढे ‘के-पॉप’ तयार झाला. ऑक्टोबर १९९९ मधील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकातील उल्लेख त्याच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक मानला जातो.

इतिहास लिहिताना नेमकी हीच तारीख आड येते. ११ एप्रिल १९९२ रोजी ‘सो तेजी अँड बॉइज’ या त्रिकुटाने दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत कोरियन भाषेत रॅप सादर केले, परीक्षकांनी त्यांना अगदी कमी गुण दिले आणि श्रोत्यांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतले. आज त्यांना के-पॉपचे पूर्वसुरी म्हणतात, तरी तेव्हा हे नाव प्रचारात नव्हते. त्यामुळे त्या काळाविषयी ‘ज्याला पुढे के-पॉप म्हटले गेले’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. १९९६ सालच्या ‘एच.ओ.टी.’पासून, म्हणजे कंपनीने निवडून, नाच-गाणे शिकवून उभ्या केलेल्या ‘आयडॉल’ गटांपासून, हा शब्द निःशंकपणे वापरावा.

गाणे ‘ट्रॉट’ या जुन्या, हेलकाव्यांच्या शैलीतले किंवा ‘पान्सोरी’ या पारंपरिक कथागायनाचे असेल, तर त्याला त्याच नावाने संबोधावे. ‘हाल्यू’ हा शब्दही पर्याय म्हणून वापरू नये, कारण त्या ‘कोरियन लाटे’त मालिका आणि चित्रपटही येतात.

उच्चाराचे म्हणाल तर कोरियन लिपीत हा शब्द के-इ-पाप अशा तीन अक्षरांत लिहितात आणि शेवटचा ‘प’ ओठ मिटूनच संपतो. मराठीत ‘के-पॉप’ असे जोडरेघ देऊन लिहावे.