फ्लेअर बघायला मी गुऱ्हाळात शिकलो

कोल्हापुरात ऑप्टोमेट्रीला (डोळे तपासायच्या शिक्षणाला) नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, ब्लड-अ‍ॅक्वियस बॅरियर पाठ कसा करायचा? (म्हणजे रक्त आणि डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी यांच्यामधला अडसर.) पाठ करू नका. मी केला होता आणि व्हायव्हात आपटलो.

माझं पाठांतर असं: हे पाणी तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीच्या केशवाहिन्यांना बारीक भोकं असतात, त्यांतून रक्तातली प्रथिनं पाझरतात. पुढं बिनरंगी एपिथेलियमच्या (अस्तराच्या) पेशी टाइट जंक्शननं घट्ट जोडलेल्या, तिथं ती अडतात. थोडी निसटतात, ती आयरिसच्या, म्हणजे रंगीत पडद्याच्या, मागच्या कप्प्यात उतरतात आणि बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतात.

सर म्हणाले, "मग मागच्या कप्प्यापेक्षा पुढच्यात प्रथिनं जास्त कशी रे?"

मी गप्प.

खरी वाट आडवी आहे. अडलेली प्रथिनं सिलिअरी बॉडीतूनच आयरिसच्या मुळात शिरतात आणि आयरिसच्या पुढच्या अंगानं थेट पुढच्या कप्प्यात झिरपतात, कारण त्या अंगाला सलग एपिथेलियमच नसतं. थॉमस फ्रेडो आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली माकडाच्या डोळ्यात हे दाखवलं. मागं जायला आयरिसच्या पाठीची टाइट जंक्शनं आडवी येतात, आणि बाहुलीतून पाणी सतत पुढंच वाहत असतं. मिनिटाला साधारण २.५ मायक्रोलिटर, पुढचा कप्पा २५० चा, म्हणजे शंभरेक मिनिटांत पाणी बदललं. या वाटेची आकृती न बघता दहादा काढा.

निरोगी डोळ्यात ही प्रथिनं रक्ताच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणून स्लिट लॅम्पचा (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा) झोत कॉर्निया आणि लेन्सच्या मधे दिसतच नाही, काळोख दिसतो. यूव्हिआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या सुजेत) बॅरियर फुटला की झोत धुरकट होतो, तोच फ्लेअर. मला तो महिनाभर कळेना. मग मामाच्या गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसलो होतो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आलेली, धुरात पांढरी पट्टी झालेली, मधून चिपाडाचे कण तरंगत होते. पट्टी म्हणजे फ्लेअर, कण म्हणजे सेल्स, पाण्यात तरंगणाऱ्या पेशी!

खोली पुरती अंधारी करा, डोळ्यांना सरावू द्या, झोत आखूड आणि तिरका ठेवा. आणि थेंब घालायच्या आधी बघा. मी एका आजींना आधी फ्लुरोसिन (तपासणीचा हिरवा चमकणारा रंग) लावलं, मग हिरवट पाण्यात फ्लेअर शोधत बसलो. आजीच म्हणाल्या, "बाळा, सापडंना व्हय? सरास्नी बोलव की."