न्यू जर्सीतल्या नव्या अंगणात पानगळी अझेलिया

नवीन घराच्या अंगणात डिसेंबरात नुसत्या काड्या उभ्या दिसल्या, तर झाड मेलं समजून उपटू नका. आपला चाफा जसा पानं झाडून बोडका उभा राहतो, तशीच पानगळी अझेलिया, म्हणजे हिवाळ्यात पानं गाळणारं फुलझुडूप. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं निघालं तर झाड जिवंत आहे. फांद्यांच्या टोकांवरच्या टपोऱ्या, खवलेदार कळ्या म्हणजे वसंतातली फुलं.

नवीन रोप घ्यायचं तर इथलीच पिंक्स्टर अझेलिया उत्तम. एक्सबरी नावाच्या संकरित अझेलियांचे केशरी-पिवळे रंग मोह पाडतात, पण दमट उन्हाळ्यात त्यांच्या पानांवर भुरी पटकन येते. मिनेसोटाकडे असाल तर तिथल्या विद्यापीठाने कडाक्याच्या थंडीसाठी तयार केलेल्या 'नॉर्दर्न लाइट्स' जाती घ्या.

सगळं अडतं ते मातीवर. ती आम्लधर्मी हवी, म्हणजे पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) 4.5 ते 6. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर बहुधा माती अल्कधर्मी असल्याने मुळांना लोह घेता येत नाही. लॉनवर टाकलेला चुना किंवा घराच्या काँक्रीटमधून झिरपणारा चुना हे त्याचं नेहमीचं कारण. म्हणून रोप भिंतीपासून तीन-चार फूट दूर लावा. आपल्या सवयीने बुंध्याशी राख तर मुळीच घालू नका.

खणण्याआधी काही दिवस 811 वर फोन करा; जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून देतात, पैसे लागत नाहीत. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण खोली गड्ड्याहून कमीच ठेवा. गड्डा जमिनीच्या एक-दोन इंच वर राहिला पाहिजे. मुळं केसांसारखी बारीक आणि उथळ असतात; खोल पुरली, त्यात माती चिकण असली, की गुदमरून कुजतात. कुंडीत मुळांचं जाळं घट्ट झालं असेल तर चाकूने तीन-चार उभ्या चिरा द्या. वर पाइनच्या सालीचा दोन-तीन इंच थर पसरा, खोडाला न टेकवता. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी मिळायला हवं.

छाटणी फुलं गळल्यावर तीन आठवड्यांत उरका. उन्हाळ्यात पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. ऑक्टोबरात कात्री चालवलीत तर फुलंच कापली जातात.

या झाडाची पानं, फुलं, फुलांतला मध सगळं विषारी आहे. फुलं नैवेद्याच्या ताटात ठेवू नका, रांगत्या मुलांना आणि कुत्र्याला झाडाजवळ मोकळं सोडू नका. हरणं मात्र हिवाळ्यात भुकेपोटी कळ्या खातात, तेव्हा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास जाळी लावून टाका.