कॉलेज सॉकरचे रिक्रूटिंग कॅम्प: पैसे भरण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारी आला की मला फोन यायला लागतात. न्यू जर्सीतल्या एका सॉकर क्लबच्या मुलामुलींच्या संघांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे, आणि आमच्याकडे आता मराठी घरांतली मुलंही पुष्कळ खेळतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, अमुक कॉलेजच्या कोचची मेल आलीय, उन्हाळ्यात आयडी कॅम्पला बोलावलंय. पाठवू का?" (आयडी कॅम्प म्हणजे कॉलेजच्या संघासाठी खेळाडू हेरायला भरवलेला, फी घेणारा कॅम्प.) मी उलट विचारते, "त्या कोचने तुमच्या मुलाचा खेळ पाहिलाय का? त्याला नाव माहीत आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आता कॅम्पला गेल्यावर पाहतीलच की."

इथेच गाडी रुळावरून घसरते. कॅम्पचा उपयोग होतो, मी स्वतः मुलांना पाठवते. पण ज्या कोचला आपला मुलगा आधीपासून थोडाफार माहीत आहे, ज्याला त्या जागेवर खेळाडू हवा आहे, त्याच्या कॅम्पचा उपयोग होतो. शंभर-दीडशे मुलांच्या गर्दीत अनोळखी मूल दोन दिवसांत उठून दिसेल, ही आशा फार महागात पडते. एक दिवसाचा कॅम्प साधारण १५०-२०० डॉलर, राहण्याचा असेल तर ५०० च्या पुढे सहज. त्यात विमान, हॉटेल आणि आईवडिलांची रजा धरा.

आमंत्रणाला निवड समजणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी नियम समजून घ्या. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, सॉकर कोचला मुलाची दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत त्याच्याशी रिक्रूटिंगबद्दल संपर्क करता येत नाही. फोन नाही, मेसेज नाही, खासगी मेल नाही. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०१९ मध्ये ही तारीख ठरवली. त्याआधी कॅम्पच्या मैदानावर भेट झाली तरी तो रिक्रूटिंगचा विषय काढू शकत नाही. मात्र कॅम्पचं माहितीपत्रक आणि खेळाडूची माहिती भरायचा फॉर्म तो केव्हाही पाठवू शकतो. म्हणजे नववीतल्या मुलाला डिव्हिजन वनच्या कोचकडून जे काही येऊ शकतं, ते जवळजवळ सगळं कॅम्पबद्दलचंच असतं. ते आलं म्हणून त्यात निवडीचा अर्थ शोधू नका.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. कॉलेजने घेतलेला कॅम्प सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा की मुलगी, एवढ्याच मर्यादा घालता येतात. त्यामुळे मेलमध्ये "निवडक खेळाडूंसाठी" असं कितीही ठळक लिहिलेलं असो, फी भरणाऱ्या कुणालाही तिथे जागा मिळते. मेलचे पत्ते स्पर्धांच्या नोंदण्यांमधून, भरलेल्या फॉर्ममधून मिळतात. बऱ्याच ठिकाणी कॅम्प कोचच्या स्वतःच्या कंपनीतर्फे चालतो आणि त्यातून सहायक कोचच्या तुटपुंज्या पगाराला हातभार लागतो. यात गैर काही नाही; हे तरुण कोच फार राबतात. पण आपण कशाचे पैसे भरतोय, हे भरणाऱ्याला माहीत हवं.

आमच्या क्लबातला एक मुलगा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यावर खेळणारा, होता. उंच, डाव्या पायाचा, चेंडू कुठे येणार हे आधी ओळखणारा. नववी संपली आणि त्याच्या मेलबॉक्समध्ये पत्रांचा पूर आला. "आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत," असं प्रत्येक पत्रात. एका पत्रात तर त्याच्या गोल मारण्याच्या कौशल्याचं कौतुक होतं. घरच्यांनी त्या वर्षीचा सांगलीचा बेत रद्द केला. आजी-आजोबा दोन वर्षं वाट पाहत होते. उन्हाळाभर बोस्टनपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत गाडी पळत राहिली. ज्या कॉलेजवर मुलाचा सगळ्यात जास्त जीव होता, तिथे सेंटर बॅक जास्त झाले म्हणून त्याला उजव्या विंगवर उभं केलं. मुख्य कोचने सकाळी स्वागताचं भाषण केलं आणि दुपारचे सामने पलीकडच्या मैदानावर पाहिले. ज्या मुलांशी बोलणी सुरू होती, ती तिकडे खेळत होती. या मुलाच्या मैदानावर त्याच कॉलेजचे दोन चालू खेळाडू शिट्टी घेऊन उभे होते.

सप्टेंबरात त्याचे वडील सगळ्या मेलच्या छापील प्रती घेऊन माझ्या घरी आले. मी लॅपटॉपवर त्या कॉलेजचं रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, उघडलं. पाच सेंटर बॅक. त्यांतल्या तिघांची निदान दोन वर्षं शिल्लक, एक जर्मनीहून आलेला, एक ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला. वडील बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "हे तर मे महिन्यातच कळलं असतं."

पैशांपेक्षा मला त्या मुलाचं वाईट वाटलं. त्याला वाटत होतं, इतक्या कॉलेजांनी आपल्याला पाहिलं आणि नाकारलं. खरं तर त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक समजावणं फार अवघड असतं. ती सगळी शरद ऋतूतली सीझन तो खांदे पाडून खेळला. अकरावीत त्याने स्वतः पत्रं लिहिली, उत्तरं आलेल्या मोजक्या कॉलेजांच्या कॅम्पना गेला, आणि आज पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजात त्याच्या आवडत्या जागेवर खेळतोय.

माझी सवय सांगते. मेल आली की मी तिच्यात एक गोष्ट शोधते: आपल्या मुलाबद्दल असं एखादं वाक्य, जे दुसऱ्या मुलाला पाठवता येणार नाही. कुठल्या सामन्यात पाहिलं, जर्सीचा नंबर काय, काय आवडलं. असं वाक्य नसेल तर ती जाहिरात समजायची. कोटा-लातूरच्या क्लासची पत्रकंही प्रत्येक घरात पडतात, त्यावरून आपलं पोर हुशार ठरत नाही. १५ जूननंतर पारख सोपी होते: ज्याला रस असतो तो कोच फोन करतो.

रोस्टर न उघडणं

वरच्या गोष्टीत हे आलंच, पण आता याचं महत्त्व आणखी वाढलंय. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एनसीएएच्या खटल्यातला समझोता मंजूर केला. तेव्हापासून त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वन कॉलेजांना सॉकरच्या संघात २८ च्या वर खेळाडू ठेवता येत नाहीत. आधी मर्यादा स्कॉलरशिपवर होती, मुलांच्या संघाला ९.९ आणि मुलींच्या संघाला १४, आणि त्याचे तुकडे करून वाटप व्हायचं. आता स्कॉलरशिपवरची ती मर्यादा उठली, पण संघातली जागा मोजकी झाली. शिवाय कोचला १७ वर्षांच्या मुलापेक्षा पोर्टलमधला २० वर्षांचा तयार खेळाडू सोयीचा वाटतो, आणि मुलांच्या डिव्हिजन वन संघांत परदेशी खेळाडूही भरपूर असतात.

म्हणून फी भरायच्या आधी वही घ्या. आपल्या मुलाच्या जागेवर किती जण खेळतात, ते कोणत्या वर्षाला आहेत, आपला मुलगा तिथे जाईल त्या वर्षी त्यांतले किती उरतील, आणि ते कुठून आले, हे सगळं मुलाने स्वतःच्या हाताने लिहून काढावं. मी पालकांना हे करू देत नाही. मुलाने लिहिलं की त्याच्या डोक्यात चित्र आपोआप साफ होतं. मग १५ जून उलटून गेलेला असेल तर कोचला सरळ विचारायचं: माझ्या वर्षाच्या बॅचमध्ये तुम्हाला या जागेवर खेळाडू हवा आहे का, आणि तुम्ही माझा व्हिडिओ पाहिलाय का? असा प्रश्न विचारला तर कोच चिडेल, असं पालकांना वाटतं. चांगला कोच कधीच चिडत नाही. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच असतं.

सातवी-आठवीत सुरुवात करणं

नको. मजा म्हणून, घराजवळच्या कॉलेजात, एक दिवस जाऊ दे. "लवकर नजरेत भरेल" म्हणून नको. त्या वयात मुलं वर्षभरात वीतभर उंच होतात आणि पायांचा ताळमेळ पुन्हा शिकतात. हे पैसे चांगल्या क्लब कोचवर आणि गुडघे-घोटे नीट राखण्यावर खर्च करा. घाई पालकांना असते, कोचला नसते.

डिव्हिजन वनच्या पलीकडे न बघणं

आपल्या घरांत हे सर्रास होतं, आणि मला ते पटतच नाही. मुलांच्या सॉकरचे डिव्हिजन वन संघ देशभरात जेमतेम दोनशेच्या आसपास आहेत. डिव्हिजन थ्रीचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, हे ऐकलं की आईवडील तोंड फिरवतात. पण एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, कार्नेगी मेलन यांचे सॉकर संघ डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतात. एरवी याच नावांसाठी आपण रात्रीचा दिवस करतो. आणि खेळ हलका असतो असंही नाही. शिकागोच्या मुलांच्या संघाने २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्या कोच जुलियान सिच होत्या. मुलांच्या संघाला एनसीएएचं सॉकर विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला. खेळाची स्कॉलरशिप तर आयव्ही लीगची आठ कॉलेजंही देत नाहीत, आणि तिथे जायला मात्र सगळे एका पायावर तयार असतात.

कॅम्पच्या दृष्टीने पाहिलं तर डिव्हिजन थ्रीचा कॅम्प हा माझ्या मते सगळ्यात कमी वाया जाणारा पैसा. तिथल्या कोचवर १५ जूनचं बंधन नाही, तो आधीपासून मेलला उत्तर देऊ शकतो. त्यामुळे आपण अंधारात जात नाही. अभ्यासात कडक असलेल्या बऱ्याच कॉलेजांत अकरावी संपल्यावर कोच मुलाची ट्रान्सक्रिप्ट प्रवेश कार्यालयाला दाखवून अंदाज घेतो. म्हणून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात अशा कॅम्पला जाताना मार्कांची प्रत तयार असू द्या.

मुलाऐवजी आईवडिलांनी बोलणं

एका कॅम्पच्या जेवणाच्या सुट्टीत मी पाहिलं: एक वडील सहायक कोचला गाठून मुलाचा जीपीए, एसएटी, पियानोच्या परीक्षा असं सगळं सांगत होते. मुलगा दोन पावलं मागे, पाण्याची बाटली हातात, नजर खाली. कोचने ऐकून घेतलं, मग मुलाकडे वळून विचारलं, "तुला कुठे खेळायला आवडतं?" मुलाने तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "तो कुठेही खेळतो." कोच हसला, हात मिळवला आणि निघून गेला. त्या मुलाशी तो नंतर बोलल्याचं मी पाहिलं नाही.

आपल्याकडे मोठ्यांसमोर मुलांनी गप्प राहावं असं वळण असतं, त्यामागची माया मला कळते. पण कॉलेजचा कोच चार वर्षं त्या मुलासोबत बसमधून प्रवास करणार असतो. त्याला मुलाचाच आवाज ऐकायचा असतो. मेल मुलाच्या पत्त्यावरून, मुलाच्या शब्दांत. इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल. पालकांनी तयार करून दिलेली सफाईदार मेल कोच पहिल्या दोन ओळींत ओळखतात. पैशांचे आणि प्रवासाचे प्रश्न आईवडिलांनी विचारावेत, पण कोचने बोलणी सुरू केल्यावर. घरी सराव करून घ्या: आठवडाभर जेवताना मुलाने स्वतःची ओळख इंग्रजीत एका मिनिटात करून द्यायची. आमच्या क्लबात मी हे सगळ्यांकडून करून घेते, आणि लाजरी मुलंही दोन आठवड्यांत खुलतात.

आणखी काही, थोडक्यात

"पन्नास कॉलेजांचे कोच एकाच ठिकाणी" अशी जाहिरात असेल तर कोण येणार याची नावं मागा. मुख्य कोच की सहायक, हेही विचारा.

पैसे घेऊन कॉलेज मिळवून देणाऱ्या सेवा मला मान्य नाहीत. त्या जी मेल पाठवतात ती मुलगा फुकट पाठवू शकतो.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा, सगळ्यात चांगले प्रसंग आधी, आपला खेळाडू कोण हे खुणेने दाखवलेला. संगीत नको. पूर्ण सामन्याचं चित्रीकरण वेगळं ठेवा, रस असलेला कोच ते मागतो.

दुखापत अंगावर काढून कॅम्पला जाऊ नका. जुलैच्या उन्हात कृत्रिम गवतावर दिवसाला दोन-तीन सत्रं होतात. अर्धवट बरा झालेला स्नायू तिथे हमखास दगा देतो.

गोलकीपरच्या पालकांनी एकच चौकशी करावी: किती गोलकीपर घेताय आणि त्यांच्यासाठी वेगळा कोच आहे का? एका गोलपोस्टमागे सहा जण रांगेत असतील, तर दिवसभरात हाताला चेंडू लागणार किती?

कॅम्प संपल्यावर दोन दिवसांत मुलाने आभाराची मेल लिहावी, आणि तिच्यात कोचने मैदानावर सांगितलेली एखादी नेमकी सूचना व तिच्यावर आता काय करतोय ते असावं. सीझनचे सामने कधी-कुठे आहेत, तेही जोडावं. १५ जून उलटलेला असूनही तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर त्या कॉलेजच्या पुढच्या कॅम्पचे पैसे भरू नका. वहीतलं पुढचं नाव घ्या आणि त्याचं रोस्टर उघडा.