रेसिप्रोकेटिंग सॉ हिसके देतोय? आधी बूट टेकवा

वेडी बाभूळ तोडताना किंवा जुना जीआय पाइप कापताना हे मागेपुढे चालणाऱ्या पात्याचं करवत-मशीन हिसके देतं, पातं वाकतं. बहुतेक वेळा पात्याजवळचा लोखंडी बूट कामापासून सुटलेला असतो.

१. बूट फांदीला घट्ट दाबून धरा, मगच ट्रिगर ओढा. पातं पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढा.
२. ओल्या लाकडाला इंचाला ५-६ दातांचं पातं, पाइपला १४-१८ दातांचं. लोखंडाला वेग कमीच.
३. सोलापूरच्या उन्हात मशीन लवकर तापतं. मधूनमधून सावलीत थांबवा, झरोक्यांतला भुसा ब्रशने काढा. पातं पकडणाऱ्या चकमध्ये भुसा अडकला की पातं नीट बसत नाही. बसवल्यावर ओढून बघाच.

पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा. नुकतं चाललेलं पातं उघड्या हाताने धरू नका, चांगलाच चटका बसतो.