मुलांच्या हाती घरकाम सोपवताना

घरातले काम मुलाला शिकवायचे असेल, तर त्याचा एखादा तुकडा न देता ते सुरुवातीपासून आवरासावरीपर्यंत पूर्ण द्यावे. नुसते पीठ चाळायला दिलेले मूल फक्त चाळायला शिकते. साहित्य काढण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळे ज्याच्याकडे असते, त्या मुलाला एका कामाला किती वेळ आणि किती सामान लागते याचा अंदाज येऊ लागतो. अर्थात, काम वयाला झेपेल असे निवडावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावता येतात. गॅस आणि इस्त्री मात्र बऱ्याच पुढे, तेही मोठे माणूस शेजारी उभे असतानाच.

शिवणकामाची सुरुवात बटणापासून करावी. दोरा साधारण हातभर घ्यावा, कारण त्याहून लांब दोरा हमखास गुंततो. तो सुईत ओवून दुहेरी करावा, टोकाला गाठ मारावी आणि बटणावर आगपेटीची काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घ्यावेत. प्रत्येक छिद्रातून तीन-चार वेळा सुई गेली की काडी काढून बटण वर ओढावे, त्याच्या आणि कापडाच्या मधल्या दोऱ्याला तीन-चार वेढे द्यावेत व मागच्या बाजूला गाठ मारावी. या वेढ्यांमुळे बटणाखाली थोडी जागा राहते आणि काजाची पट्टी तिथे ताण न पडता बसते. बटण जरा तिरके लागले, तरी पालकांनी ते गुपचूप उसवून पुन्हा लावू नये. मुलाच्या ते लगेच लक्षात येते.

सुरी हाती देताना ती धारदार असावी. हे ऐकायला उलटे वाटेल, पण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. फळाची कापलेली सपाट बाजू खाली ठेवावी, धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवावीत.

हिशेबासाठी वह्या-पेन्सिलींच्या खर्चाची ठरावीक रक्कम महिन्याच्या सुरुवातीला मुलाकडे द्यावी आणि प्रत्येक खर्च त्यालाच लिहायला सांगावा. पैसे विसाव्या तारखेलाच संपले, तर लगेच भर घालू नये. वहीतल्या नोंदी त्याच्यासोबत वाचाव्यात आणि उरलेले दिवस कसे भागवायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.